डबीतल्या पत्त्या

चोरट्यानं क्लॅरोनेट नेलं, पत्त्या ठेवल्या.
बिस्किटांच्या जुन्या डबीत सहा,
मलमलच्या चिंधीत,
एकीवर बापूच्या ओठाचा, चहाचा डाग.

सेलूच्या ठाण्यात जमादारानं विचारलं, वस्तू काय?
क्लॅरोनेट, म्हणाले.
त्यानं लिहिलं : पिपाणी, काळी, जुनी, एक नग.
किंमत?
मी गप्प. बाकड्यावरचा कुणीतरी म्हणाला,
लिहा की पाचशे.
खूण?

खूण सांगत बसले तर कागद पुरला नसता.
खालची एक चावी तुटलेली, तिथं
सायकलचा आरा वाकवून बसवलाय.
जोडाला बुचाऐवजी मायच्या लुगड्याचा दोरा.
तोंडाजवळ दाताची खाच, एकाच बाजूला,
कारण मंठ्याच्या एका वरातीत घोड्यानं मान झटकली
आणि बापूचा डावा दात तिथंच राहिला.
एवढं ऐकून त्यानं लिहिलं :
खूण आहे.

मग हिंडले.
मानवत रोडला उतरले, पूर्णेच्या फलाटावर हमालांना विचारलं,
परभणीच्या उरुसात जुन्या सामानाची एकेक चादर
वाकून बघत गेले.
काळं, लांब, भोकाचं दिसेल ते हातात घेतलं :
पिचकारी, हुक्क्याची नळी,
एकदा तर फवाऱ्याचा दांडा.
नवऱ्याला वाटलं, पोरीला बाधा झाली.

लग्नांत बिनबोलावता उभी राहिले.
आता बँड राहिलेत कुठं? डीजेच्या गाडीमागं
छातीत नुसती वाळू हलते.
पाथरीला एक सापडला, टोप्यांना लाल झुबके असलेला.
क्लॅरोनेटवाल्या पोराला म्हणाले, दाखव.
तो घाबरला. माझंच आहे ताई, मामाचं आहे.
पाहिलं. खाच नव्हती.
तरी लगेच परत दिलं नाही.
गरम होतं अजून, ओलं होतं.
लहानपणी वराती उरकून बापू पहाटे यायचा, थंडीच्या दिवसांत
मी ते तसंच पोटाशी धरून झोपायची.

बापू बाजेवर. लकव्यानं तोंड उजवीकडं ओढलेलं,
फुंकर घातली तर दिव्याची वात नुसती डुलते.
आता त्याला काय करायचंय ते? असं मामा म्हणाला,
शेजारीण म्हणाली, जमादार तर म्हणालाच.
मी घरी आले की तो तोंडाकडं बघत नाही, पिशवीकडं बघतो.
मग बोटं बाजेच्या लाकडावर चालतात.
करंगळी एका जागी जोर लावते.
तिथं आरा आहे.

जालन्याला मोंढ्यामागं मुनाफचाचाचं भंगार.
म्हणाला, पितळ असता तो गल जाता, बाई.
ये तो लकडी. लकडी कोई नै गलाता.
रखा होएंगा किसीने, बजाता होएंगा.
मला हसू आलं.
बजाएंगा कैसे, चाचा?
वाजवून झालं की बापू पत्ती सोडवायचा,
पुसून डबीत,
मग क्लॅरोनेट खुंटीला. तीस वर्षं असंच.
चोराचा पत्ता नाही आणि पत्त्या माझ्या पिशवीत.
ज्यानं नेलं त्यानं मुकंच नेलं.
पाच महिने झाले, कुठल्याशा घरात
कुणीतरी गाल फुगवून फुंकत असेल
आणि हवा येत असेल नुसती,
बापूसारखी.

हे मला तिथं, तराजूपाशी उभं राहून कळलं.

डबी उघडली. डागाची तशीच राहू दिली,
दुसरी एक चाचाच्या हातावर ठेवली.
कुणी विकायला आणलं तर फोन करा, म्हणाले.
नंबर लिहून दिला, रस्त्यापर्यंत आले,
परत फिरले.
आणि नुसतं विचारायला आलं कुणी,
की ह्याला आवाज का नाही,
तर ही द्या.
म्हणावं, आधी जिभेवर भिजवायची. घाई करायची नाही.

चाचानं पत्ती सवयीनं तराजूत टाकली.
काटा हलला नाही.

रात्री बापूनं डबी मागितली.
चिंधी सोडून मोजल्या, परत मोजल्या.
पाच, असं बोटांनी दाखवलं
आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला.